पहिलीच्या वर्गातल्या पेन्सिली

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पहिलीचा वर्ग मिळाला हे वाचून आनंद झाला. मुलं रोज पेन्सिली हरवतात, डबे विसरतात, ओरडून तुझा घसा बसलाय, हेही कळलं. घशाला विश्रांती दे आणि आधी वर्गाची मांडणी बघ. सहा वर्षांच्या मुलाला 'नीट ठेव' म्हणजे काय ते उमगत नाही. 'डबा खिडकीखालच्या फळीवर ठेव' हे लगेच कळतं. फळी मात्र त्याचा हात पोचेल अशी हवी. नावं वाचता येत नाहीत तोवर प्रत्येकाला एक चित्र दे, कुणाला पतंग, कुणाला आंबा, आणि तेच त्याच्या डब्यावर आणि खुंटीवर चिकटव.

इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. साधनं मुलांच्या उंचीच्या कपाटांत उघडी ठेवली आणि काचेची, चिनी मातीची भांडीही लहान हातांत दिली. फुटणारी वस्तू धरली की हात आपोआप सावध होतो. आपल्याकडे उलट होतं. रंगपेटी 'खराब करेल' म्हणून आई माळ्यावर ठेवते, आणि मग मुलाला वस्तूची किंमत नाही म्हणते. हे पालकसभेत स्पष्ट सांग. वस्तू महाग असायला हवी असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी गावात १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते परिसरात मिळणाऱ्या साध्यासुध्या वस्तू साधनं म्हणून वापरूनच.

माझा सगळ्यात जास्त आग्रह आवरण्याच्या वेळेसाठी आहे. शाळा सुटायची घंटा होते, बाई घाईघाईने पाट्या, पुस्तकं दप्तरांत कोंबतात, फाटकाशी आजोबा ते दप्तर खांद्यावर घेतात. या सगळ्यात मुलाचा हात कुठे लागला? शेवटची दहा मिनिटं राखून ठेव आणि तो तासच समज. एखादा चेन लावायला फार वेळ घेईल. घेऊ दे. तू लावून देऊ नकोस, शेजारच्या चुणचुणीत मुलीलाही लावू देऊ नकोस.

तसंच दुरुस्तीचं. पान फाटलं की 'बघ काय केलंस' म्हणण्यापेक्षा कणकेची खळ आणि कागदाची पट्टी पुढे कर. त्याने स्वतः चिकटवलेलं पान वाकडं दिसेल, पण ते उलटताना तो कसा जपतो ते पाहा. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरंही मुलांबरोबर बसून घाल. पुस्तकाला पाय लागला की मुलं नमस्कार करतात, ते कुणी धडा देऊन शिकवलेलं नसतं. मोठ्यांना करताना पाहिलेलं असतं. म्हणून खडू, डस्टर तू कुठे टाकतेस याकडेही लक्ष असू दे.

पेन्सिल हरवली तर दंड नको. ज्याच्या घरी दुसरी आणणं जड जातं, त्यालाच तो लागतो. आखूड पेन्सिलींचा एक डबा वर्गात ठेव. त्यातून घ्यायची, लिहून झालं की परत टाकायची. आणि कुणाच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल सापडली तर 'चोर' हा शब्द वर्गात उच्चारायचा नाही. माझं-तुझं त्याला अजून पुरतं कळत नाही. जवळ बोलावून हळू आवाजात सांग, "ही ज्याची आहे त्याला देऊन ये." तो देऊन आला की विषय तिथेच सोड, घरी कळवू नकोस.

तुझ्या,
बाई