पिल्लूचं क्रिएटिनिन

“मांजरासाठी एवढं करणं नॉर्मल आहे का हो, मॅडम?” मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, आणि विचारणारी व्यक्ती तो जरा आवाज उतरवूनच विचारते. कुत्रेवाल्यांना इतका संकोच नसतो. कुत्रा इमानी, राखण करणारा, त्याच्यासाठी रडलेलं लोकांना चालतं. मांजराचं मात्र “ते काय, जिथे दूध तिथे जातं” असं म्हणून एका वाक्यात मोडीत काढलं जातं.

मेधाताईंनीही हेच विचारलं होतं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय एकोणपन्नास, राहायला कोथरूडला, शाळेत गणित शिकवतात. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. पट्टीने आखलेले रकाने, रोजची तारीख, पाणी किती मिली, खाणं किती ग्रॅम, शौचाच्या वाळूत लघवीचे गोळे किती, वजन किती. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, परात ठेवून. पेशंटचं नाव पिल्लू, वय वर्षं चौदा, बोका.

पिल्लूला किडनीचा जुना आजार होता, तिसरी पायरी. म्हाताऱ्या मांजरांत हा फार आढळतो. डॉक्टरांनी एक दिवसाआड कातडीखाली सलाईन, कमी फॉस्फरसचं खाणं आणि रक्तदाबाची गोळी सांगितली होती. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई आत सरकवायची आणि शंभर मिली सोडायचं. हात बसला की दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण मेधाताईंचं काम दहा मिनिटांत संपत नव्हतं. रात्री अडीचला उठून त्या पिल्लूला चमच्याने भरवत होत्या. पुण्याबाहेर जाणं बंद, मैत्रिणी बंद. शाळेत फळ्यासमोर उभं असताना डोळे मिटत होते. नणंद म्हणाली होती, “आम्ही आईचंसुद्धा एवढं केलं नाही.” त्यावर काय उत्तर द्यायचं, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, काहीच देऊ नका. नणंदेच्या त्या वाक्यात तिच्या आईचीच बोच जास्त आहे.

खरी बोच मेधाताईंची पुढे होती. “तो पाणी जास्त पीत होता. मला वाटलं, उन्हाळा आहे. मी त्याची आई, आणि मलाच कळलं नाही.”

इथे समुपदेशकाने “स्वतःला दोष देऊ नका” म्हणून उपयोग नसतो. आतापर्यंत दहा जणांनी ते सांगून झालेलं असतं. माहिती जास्त उपयोगी पडते. मूत्रपिंडाचं साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा कचरा, चढत नाही. एसडीएमए नावाची तपासणी त्याच्या थोडी आधी इशारा देते, पण ती कोणीतरी करायला सांगितली पाहिजे. शिवाय मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. गणिताच्या बाईंनी पाऊण हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला. “म्हणजे मार्चमधे रक्त तपासलं असतं, तरी कदाचित नॉर्मलच आलं असतं?” कदाचित, म्हटलं.

आठवडाभर बरं वाटलं. मग नवा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन थोडं वर गेलं, आणि त्या पुन्हा अडीचला उठायला लागल्या. तेव्हा मी विचारलं, हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलात?

वडिलांच्या वेळी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. आकडा उतरला की घरात पोळ्या होत, चढला की कोणी जेवत नसे. निर्णय भाऊ आणि डॉक्टर घेत होते, मेधाताईंकडे काम होतं रिपोर्टची फाईल सांभाळण्याचं. शेवटचे दिवस आयसीयूत गेले. भेटायला मिळायचं ते संध्याकाळी, काचेबाहेरून.

या ठिकाणी एक सोपा मोह होतो. मांजर म्हणजे वडिलांची जागा, किंवा मुलगा शिकायला जर्मनीला गेला म्हणून मांजर, असं काहीतरी जाहीर करून मोकळं व्हायचं. मला ही जागा भरण्याची थिअरी फारशी पटत नाही. पिल्लू आला तेव्हा मुलगा शाळेत होता आणि वडील ठणठणीत होते. तो कोणाच्या बदली आलेला नाही, तो पिल्लू म्हणूनच या घरात आहे. वडिलांच्या वेळचा धडा मात्र राहिला होता: आकड्यावरून नजर हलली की माणूस हातचं जातं.

मी वेगळाच हिशेब काढला. चौदा वर्षांचं मांजर माणसाच्या वयात साधारण बहात्तरीचं धरतात. “बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना रोज रात्री अडीचला उठवून कोणी मऊ भात भरवला तर?”

त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, “बाबांनी ताट भिरकावलं असतं.”

माझ्या मते मुद्दा हा होता. स्वतःला आई म्हणायला माझी काही हरकत नाही, हल्ली पेट पेरेंट हा शब्द रुळलाच आहे. पण लेकराच्या आजारपणात आई एकच गोष्ट जाणते, वाटेल ते करून त्याला बरं करायचं. किडनीचा हा आजार बरा होणारा नाही. औषधपाण्याने तो लांबवता येतो, त्यातले दिवस सुखाचे करता येतात, काही मांजरं त्यात चांगली वर्षं काढतात. घरात म्हातारं माणूस असल्यावर आपण जसं वागतो, तसं इथे वागायला हवं. त्याला काय आवडतं, काय नको आहे, कुठे बसायला बरं वाटतं, हे बघायला हवं. वहीत हा रकानाच नव्हता.

आणि हे नॉर्मल आहे की वेड, तो पहिला प्रश्न? मेधाताईंना मी सांगितलं की याला भार म्हणतात आणि तो मोजताही येतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांची सेवा करणाऱ्या नातेवाइकांसाठी स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० साली एक प्रश्नावली तयार केली. पुढे अमेरिकेतल्या मेरी बेथ स्पिट्झनेगल यांनी तीच जरा बदलून पाळीव प्राण्यांच्या मालकांना दिली. आजारी प्राण्याची शुश्रूषा करणाऱ्यांमधे ताण, उदासी आणि चिंता जास्त दिसते, हे त्यांनी २०१७ साली मांडलं. जीव तोच खपतो, मग अंथरुणात माणूस असो की मांजर.

पुढच्या वेळी मी यजमानांना बोलावलं. ते आले, दहा मिनिटं गप्प बसले आणि मग एकदम म्हणाले, “मी सुई धरायला तयार होतो. एकदा माझा हात थरथरला, सलाईन सोफ्यावर सांडलं. तेव्हापासून मी बाद.” दुसरी तक्रार पैशांची, पण वेगळ्या अर्थाने. दवाखान्याची बिलं मेधाताई लपवत होत्या आणि यजमानांना बँकेचे मेसेज येत होते. “खर्चाचं काही नाही. लपवायचं काय होतं?” वर्षाला किती खर्च झेपेल हा आकडा दोघांनी तिथेच बसून ठरवला. हे बोलणं घरी, चहा पिताना व्हावं. रात्री अकराला दवाखान्याच्या काउंटरवर ते नीट होत नाही, माणसं एकमेकांना नको ते बोलून जातात.

ऑगस्टमधे गणपतीच्या आधीचे ढोल-ताशांचे सराव सुरू झाले. पिल्लू दिवाणाखाली जाऊन बसला आणि खाणं सोडलं. मेधाताईंनी वहीत ‘शेवट?’ असं लिहिलं आणि मला फोन केला. मी म्हटलं, आत्ता मला नाही, डॉक्टरांना फोन करा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवंच संकट उभं राहतं, त्यामुळे तो घाबरला असेल की थकला असेल, यावर विचार करत बसायची ही वेळ नव्हे. डॉक्टरांनी मळमळीचं औषध दिलं, घरच्यांनी त्याचा बिछाना आतल्या खोलीत हलवला, आणि तो खायला लागला.

शेवटाचा विषय त्या प्रसंगानंतरच निघाला. इंजेक्शन देऊन झोपवणं, हे शब्द त्यांना उच्चारता येत नव्हते. “मी कोण ठरवणारी?” पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आहे, ती मी त्यांच्यापुढे ठेवली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. आकड्यांना भिणाऱ्या बाईला पुन्हा आकडेच कसे दिले, असं कोणी म्हणेल. पण हे आकडे रक्तातले नाहीत, पिल्लूच्या दिवसातले आहेत, आणि ते दोघांनी वेगवेगळे भरायचे होते. पहिल्या वेळी यजमानांची बेरीज जास्त आली. आनंदाला त्यांनी आठ दिले होते, मेधाताईंनी चार. का, तर दुपारी तो गॅलरीत उन्हात लोळतो, हे मेधाताईंनी कित्येक दिवसांत पाहिलंच नव्हतं. त्या वेळी त्या शाळेत, आणि घरी आल्या की हातात वजनकाटा.

कुठे थांबायचं, हे त्यांनी डॉक्टरांशी बोलून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे. ते पान मी वाचलेलं नाही. रात्री अडीचचा गजर बंद झाला. रकाने तीनच उरले: खाल्लं का, गॅलरीत गेला का, आपणहून मांडीवर आला का. वजन आठवड्यातून एकदा.

डिसेंबरमधे भाचीच्या लग्नाला त्या कोल्हापूरला दोन दिवस राहून आल्या. सलाईन यजमानांनी दिलं. त्यानंतरच्या सेशनला दोघंही भांडतच आले. सलाईनची बाटली गरम पाण्यात किती वेळ ठेवायची, यावर वाद होता. त्यांचं म्हणणं, कोमट असलं की पिल्लू हलत नाही. हिचं म्हणणं, बाटली तळहाताला गरम लागली तर ते कोमट नव्हे. मी तो वाद त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवून दिला.