हायड्रोजनमध्ये धातू लवकर का थकतो? आधी टेस्टचा वेग विचारा

तुमचा प्रश्न असा की हवेत भाराच्या लाखो सायकल (भार चढणं-उतरणं) टिकणारं उच्च ताकदीचं पोलाद हायड्रोजनमध्ये एवढं लवकर का तुटतं, आणि निकेलचे मिश्रधातू घेतले तर काळजी मिटते का. फटीग टेस्टिंग, म्हणजे पुन्हापुन्हा भार देऊन धातू कधी तुटतो ते पाहणं, हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहितो.

हायड्रोजनचा रेणू धातूत शिरत नाही. पृष्ठभागावर तो फुटतो आणि सुटे अणू आत जातात. एरवी ऑक्साइडचा थर त्यांना बराच अडवतो, पण भेग दर सायकलला थोडी उघडते आणि तिच्या टोकाशी कोरा, उघडा धातू समोर येतो. शिवाय तिथली अणूंची जाळी ताणलेली असते, त्यामुळे अणू तिकडेच गोळा होतात. पुढे ते अणूंमधले बंध सैल करतात की डिसलोकेशनची (अणूंच्या रचनेतल्या रेषेसारख्या दोषांची) हालचाल एकाच जागी एकवटवतात, यावर वाद आहे. मला दोन्ही खरं वाटतं. कुठलं वरचढ, ते धातूवर ठरतं.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि फसगत होते ती इथेच. २०-३० हर्ट्झला (सेकंदाला २०-३० सायकल) टेस्ट उरकली तर हायड्रोजनला टोकापर्यंत पोचायला सवडच मिळत नाही आणि आकडे छान येतात. तीच टेस्ट १ हर्ट्झ किंवा त्याहून सावकाश घ्या: भेग दर सायकलला हवेतल्यापेक्षा दहापट किंवा जास्तही सरकू शकते. भार फार कमी असेल, भेग जेमतेम हलत असेल, तर मात्र फरक थोडाच दिसतो.

निकेलच्या मिश्रधातूंत हायड्रोजन फार हळू फिरतो, पण मावतो जास्त. ७१८ या ग्रेडसारखा कठीण केलेला मिश्रधातू त्याला चांगलाच बळी पडतो, विशेषतः कणांच्या सीमेवर डेल्टा फेज (मिश्रधातूतच तयार होणारं वेगळं संयुग) असेल तर. ३१६एल स्टेनलेस बरं. ३०४ या दुसऱ्या स्टेनलेसमध्ये ताणाखाली मार्टेन्साइट (वेगळी, कठीण स्फटिकरचना) तयार होतं आणि हायड्रोजनला मोकळा रस्ता मिळतो.

हायड्रोजन वायू नसला तरी धोका असतोच; ॲसिडातून आणि प्लेटिंग करताना (धातूवर मुलामा चढवताना) तो आत शिरतो. ॲसिडात बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते आणि काही काळ ठेवली की पुन्हा चिवट होते, हे संशोधक जॉन्सन यांनी १८७५ मध्येच नोंदवलं होतं. कठीण पोलादाला प्लेटिंगनंतर लगेच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजतात ते याचसाठी. भेग आधीच पडली असेल तर भाजून ती बुजत नाही.

त्यामुळे पुरवठादाराने फटीग टेस्टचा आलेख पाठवला, तर वायूचा दाब आणि टेस्टची फ्रिक्वेन्सी दोन्ही लेखी मागा.