वावर गहाण टाकायच्या आधी पोराचे बूट बघा

भाऊ,

पत्र मिळालं. मुलगा बारावीत आहे, कॉलेजात नावापुरता जातो, पण आजूबाजूच्या गावांतल्या टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये त्याच्या बॉलिंगसमोर कोणी टिकत नाही. शहरातल्या एका अकादमीनं होस्टेलसकट वर्षाचे 1 लाख 80 हजार सांगितले. पाचातलं दोन एकर गहाण टाकू का, हा तुमचा प्रश्न. आणि पोरगा म्हणतो, "उमेश यादव पण खाण कामगाराचाच पोरगा होता ना!"

होता. वडील नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामाला. पण पोरानं अर्धीच गोष्ट ऐकली आहे. उमेशनं आधी सैन्यात प्रयत्न केला, मग पोलिसात. दोन्हीकडं जमलं नाही. विशीपर्यंत तोही टेनिस बॉलवरच खेळत होता. मग क्लबकडून लेदर बॉल खेळू लागला, 2008 मध्ये विदर्भाकडून रणजीत उतरला, 2010 मध्ये भारताकडून वनडे, 2011 मध्ये कसोटी. 57 कसोटींत 170 विकेट. 2015 च्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून सगळ्यात जास्त, 18 विकेट त्याच्याच.

आणि तो वर्ल्ड कप गाजवल्यावर, 2017 मध्ये, त्यानं नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी घेतली. भारताकडून खेळणारा माणूसही पायाखाली एक पक्की जागा ठेवतो. गावातल्या पारावर ही गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिच्यात मजा नाही.

आता तुमच्या पोराचं बोलू. साधा टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास असतो, लेदरचा 156 ते 163. टूर्नामेंटमधला जड टेनिस बॉल घेतला तरी लेदरची गोष्ट वेगळीच. टेनिसवर नुसत्या वेगानं विकेट पडतात. लेदरवर शिवण सरळ ठेवावी लागते, एकाच टप्प्यावर सहा-सहा बॉल टाकावे लागतात. त्यात सतराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. एकदम जास्त ओव्हर टाकल्या की फास्ट बॉलरच्या कमरेच्या मणक्याला चीर जाऊ शकते. म्हणून या वयात कंबर दुखते म्हणाला तर मलम चोळून पुन्हा मैदानात पाठवू नका.

आज संध्याकाळी एक करा. त्याचे बूट उलटे करून बघा. मागच्या पायाच्या बुटाचं टोक घासून भोक पडलं असेल तर पोरगा खरोखर रोज बॉलिंग टाकतो. मी एका रात्रीच्या सामन्यात असंच एक पोट्टं पाहिलं होतं, त्यानं बुटाच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवला होता. अशा पोराला आधी स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घेऊन द्यावेत. दोन एकराचा विषय त्यानंतरचा, आणि माझ्या मते तो विषय काढूच नये.

एक हंगाम लेदर बॉलवर खेळू द्या. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी लेदरवर खेळणारा क्लब शोधा, विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या अंडर-19 च्या निवड चाचण्या कधी आहेत ते तिथंच कळेल. तो सतराचा आहे, म्हणजे हाताशी वेळ थोडाच आहे. पण हिशेबही त्याला कळू द्या: विदर्भात जिल्हे 11 आणि रणजीच्या संघातही जागा 11. त्यातही फास्ट बॉलर तीन-चार.

बारावी मात्र सुटता कामा नये. पोलीस भरतीला बारावी लागते, आणि तिथल्या मैदानी चाचणीत 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुण असतात. बॉलिंगसाठी धावणारं पोरगं तिथं इतरांच्या पुढंच असतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला गावातल्या रोख बक्षिसाच्या टूर्नामेंटचं सर्टिफिकेट चालत नाही. कोणत्या स्पर्धेचं चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा, पोराला सोबत न्या. पारावर विचारू नका.

अकादमीवाल्यांचा फोन परत येईल, कापूस विकायच्या दिवसांत तर नक्कीच. त्यांना एवढंच विचारा: गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडची किती पोरं जिल्ह्याच्या संघात खेळली, नावं सांगा. नावं दिली तर मला कळवा, मी चौकशी करतो.