टॅरोचे, म्हणजे प्रश्न विचारून अर्थ लावायचे चित्रांचे पत्ते डाव्याच हाताने काढायचे का? पिसताना पडलेला पत्ता धरायचा का?

हात कुठलाही चालतो. आधी प्रश्न नेमका करा. ‘माझं कसं होईल?’ याऐवजी ‘नोकरी सोडताना मी कशाकडे दुर्लक्ष करतेय?’ असं विचारलं की पत्ता वाचता येतो. मग ७८ पत्त्यांचा कॅट नीट पिसा, पालथा पसरा, तीन उचला. उलट्या, म्हणजे चित्राचं डोकं खाली आलेल्या पत्त्याचा वेगळा अर्थ धरणार असाल तर थोडे पत्ते वरची बाजू खाली फिरवून पिसा. निसटून पडलेला पत्ता घ्यायचा की नाही, हे आधीच ठरवा. मी तो परत कॅटमध्ये घालते.

आणि ‘डेथ’ (मृत्यू) नावाचा पत्ता आला म्हणून घाबरून दुसरा पत्ता काढू नका, प्लीज! तो सहसा काहीतरी संपून बदल होण्याचा पत्ता मानतात. १९०९च्या रायडर-वेट या टॅरो संचात घोड्यावरच्या सांगाड्यामागे, दूर दोन बुरुजांमध्ये, सूर्यही काढलाय.