स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी मुलाखतीला जाण्याआधी एवढं वाच

पहिल्या भेटीत स्मरणशक्ती तपासणारी प्रश्नावली लगेच उघडू नकोस. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला चाचणीची भीती वाटते. उत्तर आठवलं नाही की ती लाज चेहऱ्यावर दिसते. तेव्हा थांब, पण उत्तर सुचवू नकोस. सुचवलंस तर गुण निरुपयोगी. चष्मा आणि श्रवणयंत्र आधी तपास. ऐकू न येणं कित्येकदा विस्मरण समजलं जातं.

जवळच्या नातेवाइकाची मुलाखत वेगळ्या खोलीत घे. पैशांचे व्यवहार, औषधं, रस्ता चुकणं याबद्दल आईसमोर मुलगी खरं बोलत नाही, आणि तिने बोलावं अशी अपेक्षाही करू नये.

मेंदूदानाचा, म्हणजे मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देण्याचा, विषय संमती देण्याची क्षमता शाबूत असतानाच काढ, आणि घरच्यांसमोर काढ. कागदावर सही असली तरी मृत्यूच्या रात्री आपल्याला फोन करायचा असतो तो घरच्यांनीच. मेंदू शक्यतो २४ तासांच्या आत काढावा लागतो, म्हणून शीतगृह, वाहन, शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांची सोय आधीच ठरलेली हवी. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शन घेता येतं, हे न विचारता सांग. स्मृतिभ्रंश नसलेल्यांचे मेंदूही तुलनेसाठी लागतात, हेही सांग. बहुतेकांना ते माहीत नसतं.

फोन आला की आधी सांत्वन कर. मृत्यूची वेळ त्यानंतर विचार, पण विचारायला विसरू नकोस. मेंदूच्या तपासणीचा अहवाल यायला काही महिने लागतात. तोवर अधूनमधून त्या घरी फोन करत राहा.