पुण्यात घरोघरचा कचरा कसा गोळा होतो? कर भरूनही कचरा नेणाऱ्या ताईंना वेगळे पैसे का द्यायचे?

तुम्ही नुकतेच पुण्यात भाड्याने राहायला आलात. रोज सकाळी एक ताई दारातून कचरा नेतात आणि महिन्याला पैसे मागतात. मिळकतकर भरल्यावर हे पैसे कशाचे, आणि पुढे सगळं एकाच गाडीत जाणार असेल तर ओला-सुका वेगळा करायचा कशाला, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. आमच्या सोसायटीत कचऱ्याचं काम मी बघते, त्यामुळे रोजच्या संबंधातून जे माहीत आहे ते सांगते.

आधी पैशांचं. तुमच्या दारात येणाऱ्या ताई बहुतेक ‘स्वच्छ’च्या सभासद असतील. स्वच्छ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे. 2008 साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचं काम तिच्याकडे दिलं. या ताई महापालिकेच्या नोकर नाहीत, त्यांना महिन्याचा पगार मिळत नाही. त्यांची कमाई दोन वाटांनी येते: एक, घरटी मिळणारं मासिक शुल्क आणि दुसरी, सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगा माल काढून मिळणारे पैसे. शुल्काचा दर महापालिकेबरोबरच्या करारात ठरतो, वस्त्यांमध्ये तो कमी असतो. तुमच्या मिळकतकरातून रस्ते झाडणं, वाहतूक, प्रक्रिया प्रकल्प हे चालतं. दारापर्यंत येऊन, जिने चढून कचरा नेण्याची मजुरी म्हणजे हे शुल्क. एखाद्या घराने ते दिलं नाही तर त्या घरापुरतं ताईंनी महिनाभर फुकट काम केलं असा सरळ हिशेब आहे. शहराच्या काही भागांत महापालिकेची घंटागाडी थेट येते, तिथली व्यवस्था वेगळी.

ही पद्धत वरून कोणी आखून दिलेली नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. पूर्वी पुण्यात चौकाचौकांत कचराकुंड्या असायच्या. बायका खांद्याला पोतं लावून कुंडीत उतरायच्या आणि कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकायच्या. यातल्या कितीतरी कुटुंबांनी 1972 च्या दुष्काळात गाव सोडलं होतं. बहुसंख्य दलित, बहुसंख्य बायका. लोक त्यांना चोर समजत, कुत्री अंगावर येत, पोलीस हटकत. 1993 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव त्यांच्यामागे उभे राहिले. शहराच्या कचऱ्यातून माल वेगळा काढून आम्ही महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवतो, तर आम्हाला कामगार म्हणून ओळख द्या, ही त्यांची मागणी होती. त्यातून ओळखपत्रं मिळाली. कुंडीत उतरण्याऐवजी दारातूनच कचरा घ्यायचा, हा त्याच्या पुढचा टप्पा. आज ताईंच्या गळ्यात दिसणाऱ्या कार्डामागे इतकी वर्षं आहेत. आपल्या शहराबद्दल मला मनापासून अभिमान वाटावा अशा गोष्टींत ही फार वर आहे.

आता कचरा पुढे कुठे जातो ते. ताई ढकलगाडीवर बादल्या आणि पोती घेऊन फिरतात. ठरलेली घरं झाली की गाडी फीडर पॉइंटवर नेतात, म्हणजे महापालिकेचा ट्रक जिथे येऊन थांबतो ती जागा. ट्रक येण्याआधी कडेला बसून सुक्याची निवड होते, आणि खरं काम हेच. एकदा थांबून जरूर बघा. पुठ्ठा एका बाजूला, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, वहीचा पांढरा कागद वेगळा. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, शाम्पूच्या जाड बाटल्या वेगळ्या. पातळ पिशवी हातात धरून चुरगाळली की तिच्या आवाजावरून ताई ती कुठल्या ढिगात जाईल ते सांगतात. दुधाच्या पिशवीला भाव असतो, पण ती धुतलेली हवी. आणि पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, टोकाला चिकटून राहू द्या. तो सुटा त्रिकोणी तुकडा इतका बारीक असतो की कोणाच्याच हाती लागत नाही, तो गटारात नाहीतर ओल्या कचऱ्यात जातो.

भाव काही ठरलेले नसतात. कच्च्या तेलाचे दर उतरले की नवीन प्लॅस्टिक स्वस्त होतं आणि जुन्याला कोणी विचारत नाही. अशा वेळी ताईंचं उत्पन्न घटतं, कष्ट मात्र तेवढेच राहतात. शिवाय कागद भाजीच्या देठांनी ओला झाला किंवा बाटलीत आमटीचं पाणी गेलं की भंगारवाला तो माल नाकारतो, नाहीतर वजन कापतो. म्हणून वेगळा कचरा द्यायचा. तुमच्या ओट्यावर एक जास्तीचा डबा ठेवल्याने त्या बाईच्या हातात त्या दिवशी चार पैसे जास्त पडतात, आणि तिला चिखलात हात घालावा लागत नाही.

‘पुढे एकत्रच होतं’ हे तुम्ही ऐकलंय, त्यात थोडं तथ्य आहे. मीही एकाच ट्रकमध्ये दोन्ही पडताना पाहिलं आहे, आणि त्याबद्दल तक्रार करायलाच हवी. पण त्या क्षणापर्यंत विकण्याजोगं जवळपास सगळं बाजूला निघालेलं असतं. ट्रकमध्ये सुका म्हणून जातो तो उरलेला गाळ: चिप्सची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, चपलांचे तुकडे, चहाचे कागदी कप. चिप्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. अशा उरलेल्या मालाचा बराच भाग सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाळला जातो. ओल्याचं खत किंवा गॅस होतो, पण त्यात ब्लेड, काच, सॅशे निघाले की खत शेतकरी घेत नाही आणि गॅस प्रकल्पाची यंत्रं अडकतात.

आणि जो कचरा वेगळा होत नाही तो कोणाच्या तरी दारात जाऊन पडतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शहरालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या डेपोवर पडला. ढिगातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने तिथल्या विहिरी बाद झाल्या, गावांना टँकरचं पाणी प्यावं लागलं. 2017 च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात ढीग साचले. ओला कचरा दाबून ठेवला की त्यातून मिथेन निघतो आणि असे ढीग आतून पेटतात. त्या गावांचा राग अगदी रास्त होता.

रोजच्या वापरातलं थोडं सांगते. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि तिसऱ्या पिशवीत वेगळे द्या. उघडा पॅड हाताने बाजूला करावा लागणं हा या कामातला सगळ्यात मोठा अपमान आहे, आणि तो टाळायला आपल्याला मिनिटही लागत नाही. इंजेक्शनच्या सुया, फुटलेली काच, ब्लेड कागदात बांधून, आत काय आहे ते वर लिहून हातात द्या, तोंडी सांगा. ट्यूबलाइट, सेल, जुने चार्जर सुक्यात टाकू नका. जुने कपडे, गाद्या, मोडकं फर्निचर, बंद पडलेला मिक्सर यांसाठी स्वच्छचीच ‘व्ही-कलेक्ट’ नावाची सेवा आहे, त्यांच्या संकलन मोहिमांच्या तारखा बघून ठेवा. दिवाळीच्या आवराआवरीत हे सगळं ताईंच्या ढकलगाडीवर लादणारी घरं मी बघते आणि मला फार वाईट वाटतं.

सोसायटी मोठी असेल तर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी तिच्यावर येते. 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणारी सोसायटी मोठी कचरा उत्पादक धरली गेली. पुण्यात गांडूळखत प्रकल्प, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी काही चालू ठेवलं तर मिळकतकरात सवलत मिळते. तुम्ही भाडेकरू असलात तरी खताचा खड्डा चालू आहे का एवढं सेक्रेटरींना नक्की विचारा. बऱ्याच ठिकाणी तो फक्त बिल्डरच्या नकाशावर असतो.

ताई आल्याच नाहीत, किंवा गाडीत कचरा मिसळताना दिसला, तर ताईंशी वाद घालू नका. ट्रक त्यांच्या ताब्यात नसतो. जवळची आरोग्य कोठी, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांची हजेरीची जागा, शोधा, तिथल्या मुकादमाशी बोला. त्याने भागलं नाही तर क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांकडे फोटोसह लेखी तक्रार द्या. लेखी तक्रारीनंतर गाडीत ओला-सुका वेगळा ठेवणारा पडदा पुन्हा लागलेला मी पाहिला आहे.