येशू एकच मध्यस्थ असताना कॅथलिक लोक संतांकडे प्रार्थना का करतात?

तुम्ही विचारलंय की बायबल एकच मध्यस्थ सांगत असताना संतांना हाक मारणं ही मूर्तिपूजा नाही का, आणि कॅथलिक मैत्रिणीच्या घरच्या रोझरीला (मण्यांच्या माळेवर म्हटल्या जाणाऱ्या मरियेच्या प्रार्थनेला) बसावं का. मी प्रोटेस्टंट आहे आणि संतांकडे प्रार्थना करत नाही. तरी मूर्तिपूजेचा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

कॅथलिक लोक ख्रिस्ताला म्हणतात ‘आमच्यावर दया कर’, आणि मरियेला किंवा पेत्राला म्हणतात ‘आमच्यासाठी विनंती कर’. देणारा देवच. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं १५६३ साली संतांना विनवणं चांगलं आणि उपयुक्त ठरवलं, तेव्हाही एकमेव तारणारा ख्रिस्तच, हे त्याच ठरावात लिहिलं.

आपली प्रोटेस्टंट मंडळी प्रेषित पौलाचं ‘एकच मध्यस्थ’ हे वचन (१ तीमथ्य २:५) पुढे करतात, पण तेवढ्यानं वाद मिटत नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पौल सर्वांसाठी विनंत्या करायला सांगतो. आपणही पाळकांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतोच, त्यानं ख्रिस्ताचं मध्यस्थपण कुठे कमी होतं?

खरा प्रश्न मृत्यूपलीकडचा आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार ख्रिस्तात मेलेले जिवंतच आहेत, मंडळीशी, म्हणजे चर्चशी, त्यांचं नातं तुटत नाही. प्रकटीकरण ५:८ मध्ये स्वर्गातले ‘वडील’, म्हणजे ज्येष्ठ जन, पवित्र जनांच्या प्रार्थना धुपाच्या वाट्यांतून देवापुढे धरतात, तो त्यांचा मोठा आधार. पण त्या प्रार्थना वडिलांना उद्देशून होत्या असं तिथे म्हटलेलं नाही. कॅथलिक बायबलमधल्या २ मक्काबी १५ मध्ये संदेष्टा यिर्मया मेल्यानंतरही लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. ते पुस्तक आपल्या बायबलमध्ये नाही, आणि तिथेही यिर्मयाला कुणी हाक मारत नाही. माझं अडतं ते इथेच: स्वर्गातले संत आपल्यासाठी प्रार्थना करत असतील, पण त्यांना हाक मारा असं शास्त्र कुठेच सांगत नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीचंही, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्याचंही, म्हणणं हेच होतं: संतांची आठवण ठेवा, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवा, पण त्यांचा धावा करायला शास्त्रात आधार नाही. पुढच्याच वर्षी, ती कबुली लिहिणाऱ्या मेलांख्थोननं तिच्या समर्थनात संत मंडळीसाठी प्रार्थना करतात हे मान्यही केलं. दोन्ही बाजूंच्या भांडखोरांना हे ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मला स्वतःला इब्री ७:२५ पुरतं. ख्रिस्त आपल्यासाठी विनंती करायला सर्वदा जिवंत आहे. तो कठोर आहे, आधी कुणाकरवी त्याचं मन वळवावं लागतं, असं कुणाच्या मनात बसलं तर ते भयंकर आहे. तुमची मैत्रीणही असं मानत नसेल.

रोझरीला जरूर बसा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ तुम्ही मोठ्यानं म्हणू शकता. ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातलाच आहे, देवदूताचं आणि अलिशिबेचं अभिवादन. उत्तरार्धात मरियेला विनंती येते. तिथे मन मानत नसेल तर गप्प राहा, आणि कारण मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा.